चर्चचं विवाह ट्रायब्युनल: बाप्तिस्मा न झालेल्यांच्या लग्नाबद्दल ही सेवा कितपत भरवशाची?

दोघंही ख्रिस्ती नसताना झालेलं लग्न चर्च मानतं का? कॅथलिक धर्मप्रांताच्या विवाह ट्रायब्युनलकडे, म्हणजे लग्न वैध आहे की नाही हे ठरवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाकडे, हा प्रश्न नेला, तर उत्तर ठाम मिळतं: हो, मानतं. या सेवेची सगळ्यात भक्कम बाजू हीच.

बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) न झालेले दोघं लग्नाला मोकळे होते, दोघांनी खरी संमती दिली आणि आपल्या रीतीनं किंवा रजिस्टर पद्धतीनं लग्न केलं, की ते वैध. १९८३ च्या कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं) कलम १०६० सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत लग्न वैधच धरायचं, आणि हा आधार अख्रिस्ती जोडप्यालाही मिळतो. ते संस्कार (सॅक्रामेंट, म्हणजे चर्चचा पवित्र विधी) मात्र ठरत नाही. त्यासाठी दोघांचाही बाप्तिस्मा लागतो. पुढे दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तर तेच लग्न आपोआप संस्कार होतं. नव्यानं शपथा घ्याव्या लागत नाहीत. ही भूमिका काल-परवाची नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:१२-१४) प्रेषित पौल विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराला सोडू नका म्हणतो, म्हणजे ते लग्न तो लग्नच समजतो. तिसऱ्या इनोसंट पोपनीही ११९९ मध्ये अशा लग्नाला खरा विवाह म्हटलं.

गोंधळ होतो तो पॅरिश (स्थानिक चर्च) ऑफिसच्या टेबलावर. अर्जदार ‘आमची श्रद्धा नव्हती’ असं सांगतात. ट्रायब्युनल मात्र आधी बाप्तिस्मा झाला होता का ते पाहतं. तान्हेपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले, पण देव न मानणारे दोघं फक्त रजिस्टर लग्न करतात, तेव्हा ते चर्चच्या दृष्टीनं अवैध, कारण कॅथलिकांना चर्चनं ठरवलेल्या विधीनंच लग्न करणं बंधनकारक आहे. चर्च औपचारिकपणे सोडलेल्यांना यातून सूट होती, ती २००९ मध्ये काढली गेली. उलट दोन प्रोटेस्टंटांचं रजिस्टर लग्न वैधही आणि संस्कारही, मग त्यांची श्रद्धा आटलेली का असेना. अगदी शेवटच्या मुद्द्यावर धर्मपंडितांमध्ये खरी चर्चा आहे, पण निकाल आजच्या कायद्यावरच लागतो. ही तफावत पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवी. ती न सांगितल्यामुळे माणसं ‘आमचं लग्न चर्चमध्ये झालंच नव्हतं’ या भरवशावर दुसऱ्या लग्नाची तारीख धरतात आणि पहिल्या बंधनाचा अडथळा ऐन वेळी समोर येतो.

घटस्फोट झालेला आहे, एक जण आता ख्रिस्ती झाला आहे आणि त्याला चर्चमध्ये लग्न करायचं आहे, अशा वेळी पौलाचा विशेषाधिकार, म्हणजे पहिलं बंधन सोडवून नवं लग्न करण्याची मुभा, लागू होऊ शकतो (कलमं ११४३ ते ११४७). पहिल्या लग्नाच्या वेळी दोघंही बाप्तिस्मा न झालेले असावेत, नंतर एकानं तो घेतलेला असावा आणि दुसरा वेगळा झालेला असावा. त्या दुसऱ्याला दोन प्रश्न विचारले जातात: बाप्तिस्मा घ्यायची इच्छा आहे का, आणि नसल्यास देवाचा अवमान न करता शांतपणे एकत्र राहायची तयारी आहे का. तो सापडत नसेल किंवा विचारणं निरर्थक असेल, तर बिशप या प्रश्नांतून सूट देऊ शकतात. पहिलं बंधन सुटतं ते नवं लग्न लागतं त्या क्षणी, त्याआधी नाही. यात पहिलं लग्न ‘झालंच नव्हतं’ असं कुणी म्हणत नाही, आणि ते वैध मानणं हीच या मार्गाची पूर्वअट आहे. पहिल्या लग्नात एकाचा बाप्तिस्मा झालेला आणि दुसऱ्याचा नाही, असं असेल तर हा मार्ग बंद. तशी फाइल रोमला जाते आणि निर्णय पोप देतात.

फाइल अडकते ती बहुधा पुराव्यावर. बाप्तिस्मा झाल्याचा दाखला मिळतो, न झाल्याचा कुठून आणणार? त्यासाठी आईवडील किंवा बालपणापासून ओळखणारे नातलग साक्षीदार म्हणून लागतात. ते हयात आहेत तोवरच जबाब नोंदवून घ्यावेत. आजी-आजोबांनी दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये गुपचूप बाप्तिस्मा करवल्याचं निघालं, तर सगळं प्रकरण बदलतं.

खर्चाबाबत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या सुधारणेनं सेवा शक्यतो मोफत ठेवायला सांगितलं आहे, म्हणून फी विचारायला आणि ती परवडत नसेल तर तसं सांगायला संकोचू नये. अवैधतेच्या खटल्याला (पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं, असा दावा) पहिल्या पायरीवर एक वर्षाची मर्यादा आहे, तेव्हा उशीर होत असेल तर विचारणा करण्याचा हक्क आहे. बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीही स्वतः अर्ज करू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये असं न्यायालय सहसा नसतं. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनानं (प्रोटेस्टंटांच्या एका परंपरेच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यानं) विवेकानं संमती देऊ शकणाऱ्या सर्व प्रकारच्या लोकांना विवाहाची मुभा मान्य केली आहे; त्या परंपरेतले पाळक बहुधा सरकारी दाखला पाहूनच लग्न मान्य करतात. काम लवकर होतं, पण पुनर्विवाहाच्या प्रश्नावर लेखी आणि कारणांसह निर्णय हवा असेल, तर ट्रायब्युनलचीच सेवा अधिक नीट आहे. तिथं जाताना पहिल्या लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा आणि दोन साक्षीदारांचे पत्ते सोबत ठेवा. निकाल हातात येईपर्यंत हॉल बुक करू नका.