‘अँग्लो-इंडियन बंगल्यातलं’ कपाट विकत घेण्याआधी हे वाचा

जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने मला 32 हजारांना सागवानी जाळीचं कपाट विकलं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या, ड्रायव्हरच्या घरातलं, 1890च्या सुमाराचं, असं त्याचं म्हणणं. कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, सामान इथेच राहिलं.

असं ऐकलं की विश्वास बसतो, कारण अशी कुटुंबं खरोखरच होती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर, गार्ड म्हणून कितीतरी अँग्लो-इंडियन माणसं होती आणि 1947 नंतर त्यांतली बरीच देश सोडून गेली. त्यांच्या घरांत फ्रिज नव्हते. दूध, लोणी, मटण, पिवळ्या भाताबरोबर केलेल्या कोफ्ता करीतलं उरलंसुरलं, सगळं अशा जाळीच्या कपाटात, म्हणजे ‘मीट सेफ’मध्ये राहायचं. जाळीतून हवा खेळायची, माश्या बाहेर राहायच्या. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. आपल्याकडेही दुधाच्या कपाटाला कित्येक घरांत हेच करत.

खोटेपणा उघडा पडला तो या पायांमुळेच. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड खालून काळवंडतं, फुगतं. हे पाय वरपासून खालपर्यंत एकसारखे होते. मग ओळखीच्या सुताराला बोलावलं. त्याने मागची फळी काढली तर ती प्लायवूडची, आणि स्क्रू फुलीच्या खाचेचे. हे स्क्रू बाजारात आले 1930च्या दशकात, तेही अमेरिकेत. जुनाटपणा सगळा पॉलिशचा.

कपाटासोबत ‘भेट’ म्हणून दिलेल्या बशीवर रेल्वेचं नाव, 1853 साल आणि ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 मध्येच धावली, ते बरोबर. पण भांड्यांवर देशाचं नाव छापणं रूढ झालं अमेरिकेच्या 1890च्या आयातकायद्यानंतर.

बिलावर फक्त ‘जुने लाकडी कपाट’ लिहिलंय. तुम्ही घेणार असाल तर साल आणि मूळ ठिकाण बिलावर लिहून मागा. पैसे देण्याआधी पायांचे तळ, मागची बाजू आणि स्क्रू यांचे फोटो घ्या. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा. त्याचे मेसेज मी जपून ठेवले होते, त्यांच्या आधारे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

मला संताप याचाही येतो की त्या कुटुंबांच्या खऱ्या वस्तू आधीच थोड्या उरल्यात, आणि अशा बनावट मालामुळे त्यांच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. या विक्रेत्याची नवी जाहिरात आली आहे. तसंच कपाट, तीच गोष्ट, फक्त गाव आता इगतपुरी आहे.