टॅली प्राईम: विकत घ्यावं का भाड्याने? दुकानदारांसाठी रिव्ह्यू

सांगलीत मी काही दुकानांचे अकाउंट्स बघते, हार्डवेअरवाले आहेत, एक हळदीचे अडत्ये आहेत, एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि टॅली प्राईम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो की ताई एकदाच पैसे टाकून मोकळं होता येतं का, का हे पण दर महिन्याला भरत बसायचं. टॅलीवाल्या पार्टनरला, म्हणजे ते विकणाऱ्याला, विचारलं की तो दोन्ही भाव सांगतो आणि दुकानदार अजूनच गोंधळतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं.

आधी पैशाचं. सिल्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरवर चालणारं लायसन्स, मी हिशोब मांडला तेव्हा त्याचा भाव २२,५०० होता, वर १८ टक्के जीएसटी. हे लायसन्स कायमचं. त्यात पहिल्या वर्षाचं टीएसएस येतं, म्हणजे अपडेट आणि ऑनलाईन सेवा, ते पुढे दर वर्षी ४,५०० देऊन रिन्यू करायचं. आणि भाड्याने घेतलं तर महिना ७५०. जीएसटी बाजूला ठेवू, कारण जीएसटीत रेग्युलर रजिस्टर्ड असाल (कंपोझिशनमध्ये नाही) तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या करातून वजावट, मिळतंच. आता बघा, चार वर्षं भाडं भरलं तर ३६,००० होतात. विकत घेऊन पुढची तीन वर्षं टीएसएस भरलं तर २२,५०० अधिक १३,५००, म्हणजे परत ३६,०००! चार वर्षांनी दोन्ही रस्ते अगदी एकाच आकड्यावर येतात. त्याच्या पुढे भाडेवाला वर्षाला ९,००० देत राहतो आणि मालकीवाला ४,५००. भाव बदलत असतात, त्यामुळे घेताना चालू रेट विचारा आणि हाच हिशोब परत मांडा, पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणजे जे दुकान चार वर्षं टिकणार याची खात्री नाही, नुकतंच सुरू केलंय, जागा पण भाड्याची आहे, त्यांनी बिनधास्त भाड्याने घ्यावं, त्यात काही चुकीचं नाही. बसलेल्या दुकानाने मात्र विकतच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण "विकत घेतलं" म्हणजे नक्की काय ते समजून घ्या, कारण इथे लोकांची फार निराशा होते. टीएसएस नाही भरलं तरी सॉफ्टवेअर बंद पडत नाही, एफ८ दाबून सेल्स एंट्री मारता येते, बॅलन्स शीट निघते, सगळं चालतं. फक्त तुम्ही त्या रिलीजवर, म्हणजे त्या व्हर्जनवर, थांबता, आणि सरकारी पोर्टलशी थेट बोलणारी कामं, ई-इन्व्हॉईस (पोर्टलवर नोंदवलेलं बिल), ई-वे बिल (माल पाठवतानाचा ऑनलाईन कागद), शिवाय २०२४ च्या ५.० रिलीजपासून आलेलं जीएसटीआर-१ चं, म्हणजे विक्रीच्या रिटर्नचं, डायरेक्ट अपलोड, हे सगळं थांबतं. आता आपल्याकडे सरकार कायदा बदलत असतं. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांच्याकडे टॅलीचं जुनं ईआरपी ९ होतं त्यांना मालकी असून नवीन रिलीज घ्यावंच लागलं, कारण व्हॅटच्या काळातल्या बिलावर सीजीएसटी एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा, कुठून येणार. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा झाला, म्हणजे कुणी कधी कुठली एंट्री बदलली ते सॉफ्टवेअरने नोंदवून ठेवायचं आणि ते बंद करता येता कामा नये, तर ती सोय प्राईमच्या २०२२ च्या रिलीजपासून आहे, त्याच्या आधीचं घेऊन बसलेल्या प्रायव्हेट लिमिटेडला पर्याय नाही. कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठराविक टक्के कर भरणारा, छोटा किराणा दुकानदार मात्र टीएसएस सोडून दोन वर्षं आरामात काढू शकतो आणि गरज पडेल तेव्हा रिन्यू करू शकतो. हे स्वातंत्र्य भाड्यात नाही. भाडं थांबलं की लायसन्स गेलं, मग एज्युकेशनल मोड, म्हणजे क्लासमध्ये शिकताना असतं तसं, फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या एंट्र्या. त्यावर धंदा कसा करणार.

मला खरं तर पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. जीएसटी कायद्यात हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवायची आहेत. मार्चला वर्ष संपलं, रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर धरली, तर वर्ष संपल्यापासून पावणेसात वर्षं झाली. कंपनीला तर आठ वर्षं. म्हणजे आज जे सॉफ्टवेअर घेताय त्यातला डेटा तुम्हाला इतकी वर्षं उघडता आला पाहिजे, दुकान बंद केलं तरी! आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने एक ऑनलाईन बिलिंग ॲप वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर वापरलं, मग धंदा बंद केला, आणि नंतर जुन्या वर्षाची नोटीस आली. लॉगिन होत होतं पण बिलं उघडत नव्हती, आधी प्लॅन रिन्यू करा म्हणे. बंद दुकानासाठी त्यांना अख्ख्या वर्षाचे पैसे भरावे लागले, फक्त जुनी बिलं प्रिंट करायला. मला हे अजिबात पटत नाही. हिशोब त्या माणसाचा, गिऱ्हाईक त्याचं, टॅक्स त्याने भरलेला, आणि त्याचीच वही बघायला त्याने परत पैसे द्यायचे?

टॅलीचं मला इथे मनापासून आवडतं. विकत घ्या नाहीतर भाड्याने, डेटा तुमच्याच हार्ड डिस्कवर, नुसता आकडा नाव असलेल्या साध्या फोल्डरमध्ये. दर ३१ मार्चला मी तो फोल्डर कॉपी करून दोन पेनड्राइव्हवर घेते, एक दुकानात आणि एक मालकाच्या घरच्या कपाटात. ऑनलाईन ॲपच घ्यायचं असेल (मोबाईलवरून बिल करायला ते खरंच सोपं पडतं, ते मान्य) तर घेण्याआधी एकच विचारा, पैसे थांबवल्यावर माझी जुनी बिलं वाचता येतील का आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का. उत्तर गोलमोल आलं तर सोडा.

फोटोशॉपसारखं इथे व्हायला नको असं वाटतं. त्याचं सीएस६ हे व्हर्जन आलं २०१२ ला, आणि २०१३ मध्ये ते बनवणाऱ्या ॲडोबीने जाहीर करून टाकलं की इथून पुढे नवीन काही हवं तर क्रिएटिव्ह क्लाउडचं सबस्क्रिप्शनच. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांना तिथे मालकीचा पर्यायच उरला नाही. टॅलीने दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेत, म्हणून निवड करता येते.

तक्रारी आहेतच. सिल्व्हरमध्ये एकच मशीन, दुसऱ्या टेबलावर बिल करायचं म्हटलं की गोल्ड, म्हणजे अनेक मशीनवर चालणारं लायसन्स, ६७,५००, तिप्पट! मधलं काहीच नाही, दोन काउंटरच्या दुकानाला हे फार जड जातं. कॉम्प्युटर बदलताना जुन्यावरून लायसन्स सरेंडर करून, म्हणजे सोडवून घेऊन, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं असतं, ते कुणी सांगत नाही आणि ऐन सीझनमध्ये पंचाईत होते.

आणि घेताना लायसन्स दुकानाच्या स्वतःच्या ईमेलवरच रजिस्टर करा, मालक ज्याचा पासवर्ड जाणतो त्या. पार्टनरच्या नाही, अकाउंटंटच्या पण नाही, माझ्या तर मी घेऊच देत नाही, कारण अकाउंटंट सोडून गेला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि २२,५०० चं लायसन्स असून सरेंडर पण करता येत नाही.