जुना बंब पुन्हा चालू करावा की त्याचा पंप ट्रॅक्टरवर बसवावा?

कोल्हापूर परिसरातील एखादी फाउंड्री, साखर कारखाना किंवा ऊसपट्ट्यातील काही गावे स्वतःच्या अग्निशमन व्यवस्थेचा विचार करू लागली, की विक्रीस निघालेला जुना बंब नजरेत भरतो, कारण तो जवळपास भंगाराच्या भावात मिळतो. त्यानंतर दोन वाटा उरतात. बंब आहे तसा दुरुस्त करून चालू करायचा, किंवा त्याचा पंप उतरवून पाण्याच्या ट्रॅक्टर-टँकरवर चढवायचा. बहुतेक खरेदीदार इंजिन सुरू होते की नाही यावर निर्णय घेतात. माझ्या मते निर्णय कागदपत्रे, पंप आणि वापराची जागा यांवर घ्यावा, इंजिनाचा क्रम त्यानंतरचा.

कागदपत्रांचा प्रश्न अनेकदा पहिल्याच पायरीवर निकाल लावतो. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी, महापालिकांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. त्यामुळे असा बंब कितीही चांगल्या स्थितीत असला, तरी रस्त्यावर चालवण्यासाठी तो घेण्यात अर्थ नाही. खासगी कंपनीने काढलेल्या बंबाचे तसे नाही. मात्र त्याचीही आरसी, पासिंग आणि विमा यांची स्थिती सौद्यापूर्वी परिवहन कार्यालयात पडताळून घ्यावी. ट्रॅक्टर-टँकरच्या पर्यायात ट्रॅक्टर आणि ट्रॉली आधीच कागदोपत्री नीट असतील, तर ही कटकट बरीच कमी होते.

आता इंजिन. बंबाचे किलोमीटर कमी दिसतात म्हणून हुरळून जाऊ नये, कारण पंप चालवताना गाडी उभी असते आणि इंजिन तासन्‌तास फिरते; इंजिन किती तास चालले हे दाखवणारा तासमापक असेल तर तोच आकडा खरा मानावा. टाकी कायम भरलेली ठेवायची पद्धत असल्यामुळे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेले असतात आणि टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेले असते. टायरवरील चार अंकी आकड्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते वाचावेत. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारण्याचा मोह आवरावा. डिझेल टाकी उतरवून धुणे, फिल्टर बदलणे, नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे, इंजिन हाताने फिरवून ते जाम नाही याची खात्री करणे आणि मग डिझेलच्या नळ्यांतील हवा (एअर) काढणे, हा क्रम पाळला तर पिस्टन-लायनर वाचण्याची शक्यता वाढते. बॉश पंपाचा, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा, रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) अडकलेला असेल तर तो कॅलिब्रेशनलाच पाठवावा. बंब साधारणपणे नेहमीच्याच ट्रकच्या चासीवर बांधलेला असल्याने हे सुटे भाग मिळतात, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणाऱ्या मिस्त्रींची वानवा नाही. एअर ब्रेकचे डायफ्राम आणि रबरी नळ्या मात्र तपासत बसू नये, सरसकट बदलाव्यात.

खरा खर्च आणि खरी जोखीम पाण्याच्या पंपात आहे. बंबावरचा अपकेंद्री (फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) पंप स्वतः हवा खेचू शकत नाही; विहिरीतून किंवा नदीतून पाणी उचलायचे तर प्रायमर या छोट्या हवा-पंपाने आधी सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या) नळीतील हवा काढावी लागते. म्हणून भरलेल्या टाकीतून उडवून दाखवलेली धार पाहून समाधान मानू नये. सर्व झडपा बंद ठेवून प्रायमरने 22 इंच पाऱ्याइतकी निर्वात स्थिती आणावी आणि प्रायमर थांबवावा. 5 मिनिटांत 10 इंचांहून अधिक घसरण झाली तर पंप नापास, असा अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकाचा निकष आहे. गळती ग्लँडमधून (पंपाच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) किंवा झडपांतून असेल तर ती दुरुस्त होते. इंपेलर (पंपातील फिरते चाक) आणि त्याभोवतीची वेअर रिंग झिजली असेल तर कोल्हापूरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही, कारण ओतकामाचा पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) करण्यापासून गनमेटलच्या ओतकामापर्यंत आणि लेथकामापासून बॅलन्सिंगपर्यंत सगळे इथल्या इथे होते. केसिंगला, म्हणजे पंपाच्या बाहेरील कवचाला, तडा असेल तर मात्र सौदा सोडून द्यावा. दोन्ही वाटा तिथेच संपतात. पंप धडधाकट असला तरी पाण्याची पातळी पंपापासून सात मीटरांहून खाली असल्यास त्यावर व्यवहारात भरवसा ठेवता येत नाही, हेही दोन्ही पर्यायांना सारखेच लागू आहे.

ट्रॅक्टरचा पर्याय ऐकायला सोपा वाटतो, पण त्याचे गणित मांडायला हवे. मिनिटाला 1800 लिटर पाणी चौरस सेंटिमीटरला 7 किलो दाबाने देणाऱ्या पंपाला, त्याची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर सुमारे 47 अश्वशक्ती लागते. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर (जोडयंत्रे चालवणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) तेवढी पोहोचत नाही. शिवाय पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांचा आणि पंपाला त्याच्या काही पट फेऱ्या हव्यात, म्हणजे वेग वाढवणारा गिअरबॉक्स आला. ट्रॅक्टरवर बंबाच्या पंपाकडून निम्म्या प्रवाहाची अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे, किंवा लहान पंपच बसवावा. ट्रकच्या इंजिनाला मात्र हा भार जड नाही. अर्थात 1800 लिटरच्या वेगाने 4500 लिटरची टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते, त्यामुळे जवळ पाण्याचा साठा नसेल तर एवढ्या मोठ्या पंपाचा काहीच उपयोग नाही.

वापराच्या जागेपाशी दोन्ही पर्याय स्पष्टपणे वेगळे होतात. उसाच्या फडाला आग लागल्यावर अरुंद पाणंदीतून भरलेला बंब नेणे, त्यातही पावसाने काळी जमीन भिजलेली असताना, जवळपास अशक्य असते. तिथे ट्रॅक्टरच हवा आणि निम्मा प्रवाह पुरतो. साखर कारखान्याच्या बगॅसच्या (उसाच्या चोयट्याच्या) ढिगाला मात्र दीर्घकाळ भरपूर पाणी लागते, आवारातील रस्ते पक्के असतात आणि पाण्याची टाकीही जवळ असते. तिथे मी बंबाच्या बाजूने उभा राहीन. डिस्टिलरीत साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, अल्कोहोल-रोधक फोमच लागतो, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फाउंड्रीत वितळलेल्या धातूच्या आसपास पाणी मारणे म्हणजे वाफेच्या स्फोटाला आमंत्रण. या दोन जागांसाठी केवळ पाण्याचा बंब घेऊन निर्धास्त होऊ नये, मग तो ट्रकवर असो वा ट्रॉलीवर.

बोली लावताना बंबाची किंमत लोखंडाच्या भावाने काढावी आणि निर्वात चाचणीत पास झालेल्या पंपासाठी त्यावर काही जादा द्यावे. सुरू होणाऱ्या इंजिनासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. विक्रेता चाचणी करू देत नसेल, तर पंप नापास धरूनच आकडा सांगावा.