कॅनन ५० एमएम एफ १.८ एसटीएम: ऑटोवरून डायल हलवायला लावणारी लेन्स

कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली तरी डायल ऑटोवरच असतो, याला बऱ्याचदा कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स जबाबदार असते. १८-५५ झूम ५५ वर नेली की ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). मग ५.६ ठेवा नाहीतर ८, फोटो जवळपास सारखाच. कॅननची ही ५० एमएम लेन्स १.८ पर्यंत उघडते, म्हणजे ५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. एकाच जागेवरून १.८ आणि ५.६ वर एकेक फोटो काढा. मागची भिंत बघूनच ॲपर्चर कळतं.

सुरुवात अशी करा. डायल एव्हीवर (ॲपर्चर तुम्ही निवडता, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो), ॲपर्चर २.८. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता: खिडकीशेजारी ४००, रात्री ट्यूबलाइटखाली १६००. आता फक्त शटर स्पीडवर लक्ष ठेवायचं. तो १/१०० च्या खाली गेला तर आयएसओ एक पायरी वाढवा, कारण हात हलल्याची भरपाई करणारं स्टॅबिलायझेशन लेन्समध्ये नाही. पळणाऱ्या पोरांसाठी १/२५० तरी हवा.

फोटो बिघडतात ते मुख्यतः फोकसमुळे. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं की तो सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. नाक लख्ख, डोळे धूसर. म्हणून फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा वळवला तर १.८ वर तो बऱ्याचदा चुकतो. थोडी जास्त जागा सोडून काढा, नंतर कापा. दोघं असतील तर ॲपर्चर ४, मागेपुढे बसलेलं कुटुंब असेल तर ५.६.

१० बाय १२ च्या खोलीत मात्र पंचाईत होते. क्रॉप सेन्सरवर ही ८० एमएमसारखी वागते, त्यामुळे कॅमेरा उभा धरला तरी उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायला साधारण १४ फूट मागे जावं लागतं. हॉलमधल्या ग्रुप फोटोला किट लेन्सच लावा.

२०१५ साली आलेल्या या लेन्सची बांधणी किमतीच्या मानाने चांगली: माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) धातूचा, वजन १६० ग्रॅम, ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. १९९० चं जुनं मॉडेल सेकंडहँडमध्ये अजून दिसतं. त्याचा माउंट प्लास्टिकचा आणि किमान अंतर ४५ सेंटीमीटर.

एक कमजोर जागा आहे. फोकस करताना पुढची नळी बाहेर येते आणि कॅमेरा बंद केला तर तशीच राहू शकते. बॅगेत दाबली गेली तर फोकसची यंत्रणा बिघडू शकते. बंद करण्याआधी लांबवर फोकस करून नळी आत घ्या. फोकसची रिंग मोटरवर चालते, कॅमेरा बंद असताना ती नुसती फिरते.

कॅननच्या आर मालिकेचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर ही घेऊ नका. तिला ॲडॅप्टर लागतो, आणि आरएफ माउंटची ५० एमएम एफ १.८ वेगळी मिळते.