व्हिममधलं ईझी-अलाइन: काही महिने रोज वापरल्यानंतर

व्हेरिलॉग, म्हणजे चिपचं सर्किट कोडमध्ये मांडायची भाषा, लिहिणाऱ्याला कोड रांगेत लावण्याची हौस नसते, गरज असते. मोठ्या मॉड्यूलचं (सर्किटच्या तयार भागाचं) इन्स्टन्स घेतलं, म्हणजे ते आपल्या डिझाइनमध्ये जोडलं, की टिंब, पोर्टचं (जोडणीच्या टोकाचं) नाव आणि कंसात सिग्नल अशा चाळीस-पन्नास ओळी सलग येतात. कंस एकाखाली एक आले की डावीकडे पोर्ट, उजवीकडे सिग्नल असा तक्ता तयार होतो आणि रीड-एनेबलच्या पोर्टला राइट-एनेबलची तार लागली असेल तर लगेच नजरेत भरते. दोन्ही सिग्नल एकेका बिटाचे असल्यामुळे कंपायलर अशा वेळी चकार शब्द काढत नाही. नजरेतून सुटलं की मग वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलचे आलेख, चाळत बसायचं.

हे काम मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमधल्या ईझी-अलाइन या प्लगिनवर (जोड-प्रोग्रॅमवर) सोपवलं आहे. एफझेडएफ हे शोधायचं साधन आणि व्हिम-प्लग हा व्हिमचा प्लगिन-मॅनेजर लिहिणाऱ्या जुनगुन चोई यांचंच हे काम. निव्वळ व्हिमस्क्रिप्टमध्ये, म्हणजे व्हिमच्याच भाषेत, असल्यामुळे इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवरही पॅक फोल्डरमध्ये नुसतं कॉपी केलं की चालतं. आमच्यासारख्या बंद नेटवर्कवर काम करणाऱ्यांना याचं मोल विचारा!

पद्धत अशी: आधी जीए (जी आणि ए या कळा), मग कुठला मजकूर ते, मग कुठल्या चिन्हावर जुळवायचं ते. जी-ए-आय-पी आणि = दाबलं की कर्सर असलेला परिच्छेद, म्हणजे दोन रिकाम्या ओळींमधला भाग, पहिल्या = वर जुळतो. मधे * दिला तर ओळीतलं प्रत्येक चिन्ह जुळतं. रजिस्टर मॅपचे, म्हणजे चिपमधल्या रजिस्टरांच्या यादीचे, मार्कडाउन (साध्या मजकुरातले) तक्ते मी * आणि उभ्या रेघेनेच नीट करते. पत्ता, नाव, रीसेट व्हॅल्यू, सगळे रकाने एका दमात. पोर्टच्या जोडण्यांसाठी तयार नियम नाही, तिथे चिन्हाऐवजी कंट्रोल-एक्स दाबून रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) म्हणून उघडा कंस द्यायचा.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट बारीक आहे. = चा नियम नुसत्या = साठी नाही. <=, ==, += हे सगळे त्यात येतात, आणि लांबी वेगळी असली तरी त्यांची उजवी कड एका रेषेत बसते. त्यामुळे व्हेरिलॉगच्या ऑल्वेज ब्लॉकमधले, <= ने लिहिलेले नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट आपोआप जमतात. शिवाय कॉमेंट आणि स्ट्रिंगमधली चिन्हं ते सोडून देतं. हे सिंटॅक्स हायलाइटिंगच्या (कोडचे भाग रंगांनी वेगळे दाखवण्याच्या) जोरावर चालतं, म्हणून ते बंद ठेवणाऱ्यांना हा फायदा मिळणार नाही.

पोर्टच्या घोषणांवर मात्र ते अडतं. काही पोर्टना [७:०] अशी रुंदी (किती बिट ते) असते, काहींना नसते, त्यामुळे स्पेसवर जुळवलं की एका ओळीतली रुंदी दुसऱ्या ओळीतल्या नावाखाली जाऊन बसते. ओळीच्या शेवटचं नाव पकडणारं एक्स्प्रेशन लिहून यातून वाट निघते. त्यातही नावं उजव्या कडेला ढकलली जातात, ते डावीकडे करून घ्यावं लागतं. एवढी खटपट रोज करवत नाही, म्हणून मी त्याची वेगळी कळ बांधून ठेवली आहे.

जीएबद्दल एक सांगायला हवं. व्हिममध्ये ही जोडी मुळात कर्सरखालच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवते. प्लगिनसाठी सर्वत्र सुचवलेलं जीएचं मॅपिंग (कळांना नेमलेलं काम) घेतलं की ती सोय जाते. मराठी मजकुरात ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप झालेला असतो आणि सर्च एकाला शोधतो, दुसऱ्याला नाही. तेव्हा मला तो क्रमांक लागतोच, म्हणून मी प्लगिनला लीडर-ए (व्हिमची लीडर कळ आणि मग ए) दिलं आहे. देवनागरी कॉमेंट असलेल्या ओळी टर्मिनलमध्ये मात्र नीट रांगेत येत नाहीत. जोडाक्षराची मोजलेली रुंदी आणि पडद्यावरची रुंदी एक नसते. यात प्लगिनचा दोष नाही, पण कॉमेंटही जुळलेली हवी असेल तर ती वेगळ्या ओळीवर लिहिलेली बरी.

खरी किंमत मोजावी लागते ती कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये. लांब नावाचा एकच पोर्ट वाढला की सगळा ब्लॉक सरकतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला चाळीस ओळी बदललेल्या दिसतात. डिफ (काय बदललं ते दाखवणारी कमांड) आणि ब्लेम (ओळ कोणी बदलली ते सांगणारी) दोन्हींना -w दिलं की मोकळ्या जागांचे बदल लपतात, पण दोघांनी एकाच ब्लॉकला हात लावला असेल तर मर्जचा, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करण्याचा, त्रास चुकत नाही. म्हणून जुळवणीचा कमिट (बदलांची नोंद) मी कायम वेगळा करते. साध्या असाइनमेंटच्या दोन-चार ओळींसाठी तर मी हे वापरतच नाही. पायथनची पेप ८ ही लेखनशैलीची मार्गदर्शिकाही = जुळवायला जादा स्पेस देऊ नका असंच सांगते, आणि पायथनपुरतं मला ते पटतं. गो या भाषेत गोएफएमटी हा फॉरमॅटर (कोड आपोआप नीट मांडणारा प्रोग्रॅम) स्ट्रक्टचे रकाने स्वतःच लावतो, तिथे प्रश्नच उरत नाही.

व्हेरिलॉगसाठीही व्हेरिबल हा फॉरमॅटर आहे आणि तो पोर्ट जुळवतो. नवा प्रोजेक्ट सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून तोच लावा. पण दुसऱ्या टीमकडून आलेल्या जुन्या फाइलवर फॉरमॅटर फिरवायची मुभा सहसा नसते. तिथे मी स्वतः जोडलेल्या इन्स्टन्सपुरताच परिच्छेद जुळवते आणि बाकीच्या ओळींना हात लावत नाही.