गोबर गॅस की सिलिंडर?

सिलिंडरचं सुख एकच: बटण फिरवलं की पेटतो, थंडीतही. पण आतला 14.2 किलो गॅस संपला की पुन्हा पैसे मोजा. शिवाय देशाला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो.

गोबर गॅससाठी रोज राबावं लागतं. 2 घनमीटरच्या संयंत्राला दिवसाला साधारण 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. शेणाइतकंच पाणी घालून कालवायचं, काडीकचरा वेचायचा. एवढं केल्यावर मिळणारा गॅस पाऊण-एक किलो एलपीजीच्या तोडीचा. थंडीत शेणातून गॅस बनवणारे जिवाणू सुस्तावतात, ज्योत मंदावते आणि भाकरी फुगता फुगत नाही. पण मागे उरणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणकाला, शेताला खत म्हणून जाते. सिलिंडरमधून असलं काही निघतं का? दावणीला दोनच गुरं असतील तर मात्र सिलिंडरच बरा.