आमचा ट्रेलर, दोन उन्हाळ्यांनंतर

ओहायोतल्या कोलंबसजवळच्या एका डीलरकडून आम्ही एकवीस फुटी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला, त्याला दोन उन्हाळे झाले. ट्रेलरवर मी खूश आहे. त्या डीलरची पायरी मात्र पुन्हा चढणार नाही.

माहितीपत्रकात ट्रेलरचं वजन ३,८०० पौंड. आमची गाडी, टोयोटा हायलँडर, ५,००० ओढते. "आरामात जाईल," विक्रेता म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. तो आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यात बॅटरी, भरलेले गॅस सिलेंडर, खुर्च्या, अंथरुणं, कुकर, पीठ-तांदूळ आले. आणि तीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की नुसतं पाणीच अडीचशे पौंड. ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेला तर ४,७०० भरला. पाच हजारांच्या आत आहे म्हणून मी निश्चिंत होते.

गोम हिचवर होती, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जिथे अडकवतात त्या जोडावर. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा लागतो, नाहीतर ट्रेलर मागे झुलायला लागतो. आमच्या गाडीची हिचची मर्यादा ५००, आणि तिथे येत होते सहाशेच्या वर. शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन घेईल ते सांगणारं. हिचवरचा भार त्यातूनच वजा होतो. आम्ही पाचजण, त्यात सांगलीहून आलेल्या सासूबाई आणि त्यांच्या लोणच्याच्या बरण्या!

पहिल्याच सहलीत हॉकिंग हिल्सला जाताना रूट ३३वर बाजूने मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर असा काही हलला की गाडीत कुणी बोलेना. परत आल्यावर जुना पिकअप घेतला. ट्रेलर स्वस्तात पडला होता, पिकअपने दिवाळं काढलं. म्हणून सांगते, आधी आपल्या गाडीचं स्टिकर वाचा, मग ट्रेलर बघायला निघा.

एक काम मात्र आम्ही नीट केलं होतं. ओल शोधली. आधी पाहिलेल्या एका चकचकीत ट्रेलरमध्ये दारापाशी जमीन पायाखाली दबत होती; तिथूनच मागे फिरलो. वरची कपाटं उघडून आतले कोपरे अंगठ्याने दाबून बघा, बाहेरच्या भिंतीला फुगे आलेत का बघा. छतावर चढून सांध्यांचं सीलंट तपासा. पाणी एकदा आत शिरलं की लाकूड कुजतं आणि दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीला भिडते.

आता राहण्याबद्दल. 'क्वीन' म्हणून विकतात तो पलंग घरच्यापेक्षा पाच इंच आखूड, त्यामुळे नवऱ्याचे पाय बाहेर. शोरूममध्ये सगळ्यांनी बूट काढून आडवं व्हा, लाजू नका. स्वयंपाकघर ठीक, फक्त फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो. आता मी फोडणी बाहेर, पिकनिकच्या टेबलावर वेगळ्या शेगडीवर देते आणि शेजारचे लोक वासाने डोकावतात. संडासाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. आपली पाणी वापरायची सवय इथे उपयोगी पडते, मैला टाकीत साचून घट्ट होत नाही. फक्त टाकी लवकर भरते, आणि ती रिकामी करायला कोण जाणार यावरून घरात दर वेळी नवी चर्चा.

टायर यंदा बदलले. विक्रेता म्हणाला होता, "जवळजवळ नवेच आहेत." नक्षी खरंच नव्यासारखी होती. पण टायरच्या कडेला 'DOT' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे असतात. आमच्यावर होते २३१६, म्हणजे टायर बनले २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात.